पालथा हात

१

घरातला कॉम्प्युटर जावयाने स्वतः जुळवला होता, आणि ही गोष्ट आल्यागेल्याला सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. प्रोसेसर एका दुकानातून आणला, डबा दुसऱ्यातून, पंखे तिसऱ्यातून. दोन रविवार जमिनीवर मांडी ठोकून त्याने ते सगळं जोडलं होतं. बायको म्हणायची, लग्नातसुद्धा तू एवढा खूश दिसला नव्हतास.

त्याचं काम अजून न बांधलेली घरं दाखवण्याचं. बिल्डर नकाशा पाठवायचा, हा त्यावरून खोल्या उभ्या करायचा, खिडकीतून ऊन आत सोडायचा, आणि ते ऊन कुठल्या भिंतीवर कसं पडेल याचं गणित मशीन तासन्‌तास सोडवत बसायचं. उन्हाळा लागला तशी मशीनने मान टाकायला सुरुवात केली. दुपारी दोनच्या सुमारास पडद्यावरचा तापमानाचा आकडा पंच्याण्णव अंशांवर जायचा, पंखे बोंबलायचे आणि पडदा काळा व्हायचा. आठवड्यात तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा जावई डोक्याला हात लावून बसला होता, आणि दारात अण्णा उभे होते.

अण्णा म्हणजे त्याचे सासरे. चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि लेकीने त्यांना, त्यांच्या दुहेरी पलंगासकट, इकडे आणलं. तेव्हापासून बोलावलं की ते जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे आणि उरलेला वेळ पलंगावर आपल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. भिंतीकडची बाजू सासूबाईंची. तिथे ते चुकूनही सरकत नसत. बायको भांडी घासताना नळ मोठा सोडून रडायची. अण्णांनी पुन्हा माणसांत यावं, एवढं एकच मागणं त्या घरात होतं.

म्हणून ते आपणहून दारात आले, याचंच जावयाला अप्रूप वाटलं.

"काय म्हणतंय यंत्र, जावईबापू?"

"तापतंय, अण्णा. थंडच होत नाही."

अण्णा गुडघे धरत खाली बसले आणि डब्याच्या मागच्या जाळीला त्यांनी पालथा हात लावला. तळहाताला घट्टे पडलेले असतात, तो थापा मारतो, असं त्यांचं म्हणणं. लेक तापली की तिच्या कपाळालाही ते असाच हात लावायचे, आणि आता नर्स झालेली ती लेक अजून पेशंटना तसाच लावते.

"थंड करणं असं काही नसतं," अण्णा म्हणाले. "अख्ख्या आयुष्यात मी कुणाचा फ्रिज थंड केला नाही. आतली उष्णता उचलायची आणि दुसरीकडे टाकायची, एवढंच. तेव्हा पहिला प्रश्न असा, की तुम्ही टाकताय कुठे?"

२

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. आतून एवढी धूळ निघाली की अण्णा म्हणाले, एक उशी भरेल यात. धूळ झाडली, वायरी कडेला बांधून हवेला वाट करून दिली, मागचा पंखा हवा बाहेरच टाकतोय ना हे कागदाची पट्टी धरून पाहिलं. मग प्रोसेसरवर बसलेला, पंख्याखालचा धातूचा ठोकळा काढला. मधली पेस्ट वाळून खपली झाली होती. अण्णांनी ठोकळ्याचा तळ डोळ्यासमोर आडवा धरला.

"हा सपाट नाही. दोन धातू नीट टेकले नाहीत की मध्ये हवा राहते, आणि हवेसारखी कंजूष चीज नाही. उष्णतेला पुढे सरकूच देत नाही. घासावा लागेल."

घासायचा तर पॉलिश पेपर तितक्याच सपाट गोष्टीवर पसरायला हवा. ओटा चालेना, टेबल चालेना. "काच पाहिजे," असं म्हणून अण्णा आत गेले आणि पंजापेक्षा थोडी मोठी काच घेऊन आले. अख्खी दुपार दोघं आळीपाळीने घासत होते. राखाडी पाणी काचेवरून ओघळत होतं आणि अण्णा बोलत होते. आठ महिन्यांचं साचलेलं बोलत होते.

"चाळीस वर्षं लोकांच्या घरातली उष्णता बाहेर टाकली," ते म्हणाले, "पण बायकोचे पाय काही मला गरम करता आले नाहीत. रोज बर्फाचे दोन खडे माझ्या गुडघ्यांना लावायची. त्याच्या खाली पोहोचतच नव्हते तिचे पाय."

सासूबाई खरंच ठेंगण्या होत्या. पलंगावर बसल्या की पाय लोंबकळायचे, म्हणून अण्णांनी कॉम्प्रेसरच्या खोक्याच्या फळ्यांचा एक बुटका स्टूल त्यांना करून दिला होता. तो अजून पलंगाच्या पायथ्याशी असायचा.

चारला बायको ड्यूटीवरून आली. तोवर ठोकळ्याचा तळ आरशासारखा झाला होता.

"ही काच कुठली?" तिने विचारलं.

अण्णांनी हात पुसले. "तुझ्या आईच्या फोटोची. घरात तेवढीच सपाट होती. बसवतो परत."

आत उशीवर फोटो उघडाच पडला होता. बायकोच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण बापाच्या कानांपर्यंत लागलेली राखाडी रेघ आणि चेहऱ्यावरचं हसू बघून तिने ते गिळलं. जावयाने मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, ठोकळा बसवला, मशीनला जड काम दिलं. तिघं आकड्याकडे बघत चहा प्यायले. आकडा अडुसष्टवर थांबला.

"झकास," अण्णा म्हणाले.

३

पुढे आकडा उतरतच गेला. साठ, बावन्न, चव्वेचाळीस. पहिले चार दिवस जावयाने दुकानदाराला फोन करकरून फुशारकी मारली. पाचव्या दिवशी दुपारी अडीच वाजता, मशीन जीव खाऊन काम करत असताना, पडद्यावर एकतीस दिसलं. समोरच्या भिंतीवरचा तापमापक खोलीचे चौतीस अंश दाखवत होता.

असं होत नाही. जी वस्तू खोलीच्या हवेने थंड होते ती खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. हे शाळेतल्या पोराला कळतं, आणि जावई तर गणितात बरा होता. त्याने दुकानदाराला फोन लावला.

"सेन्सर गेला असेल," दुकानदार म्हणाला. "काम होतंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढताय?"

जावयाला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. तरी त्याने डब्याचं झाकण काढून ठोकळ्याला बोट लावलं, आणि झटकन मागे घेतलं. फ्रिजमधून आत्ता काढलेल्या स्टीलच्या पेल्यासारखा तो गार होता.

त्याने अण्णांना बोलावलं. अण्णांनी मागच्या जाळीला पालथा हात लावला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिथून गार हवा येत होती.

"वीज खातंय ना हे?"

"भरपूर."

"मग उष्णता तयार होतेच आहे. ती जाते कुठे?"

हा प्रश्न त्यांनी जावयाला विचारला नव्हता. उठून ते घरभर हिंडायला लागले, दुरुस्तीला गेलेल्या घरात हिंडावं तसे. भिंतींना, खिडक्यांच्या गजांना, कपाटाच्या मागे, फरशीला, सगळीकडे पालथा हात. जावई मागे मागे होता. शेवटी अण्णा आपल्या खोलीत शिरले. काही क्षणांनी आतून दार लोटल्याचा आवाज आला, आणि मग पलंग करकरला.

संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा त्यांनी चहा दोनदा मागून घेतला. सापडलं का काही, असं जावयाने विचारलं.

"तुमचं काम होतंय ना?" ते म्हणाले. "चालू द्या."

४

अण्णा माणसांत आले. रोज दाढी करू लागले, शेजाऱ्याचा पंखा दुरुस्त करून आले. दुपारचं जेवण झालं की मात्र घड्याळ लावल्यासारखे खोलीत जायचे आणि चारपर्यंत बाहेर यायचे नाहीत. बायको खुशीत होती. तुझ्या त्या डब्याने माझा बाप परत आणला, असं म्हणाली आणि जावयाच्या पाठीत लाडाने एक धपाटा घातला.

फक्त ते स्वेटर घालू लागले होते. ऐन उन्हाळ्यात, बटणं गळ्यापर्यंत लावून. एकदा ताट देताना बायकोच्या बोटांना त्यांची बोटं लागली. तिने ताट तसंच खाली ठेवलं, कपाळाला पालथा हात लावला आणि थर्मामीटर आणलं. सदतीसच्या जागी साडेपस्तीस आलं. दुसरं थर्मामीटर आणलं, तेही तेवढंच.

आठवडाभर तपासण्या झाल्या. रक्त, थायरॉइड, हृदय, सगळं या वयाला साजेसं. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी होतं असं, जपा.

"मला काही होत नाहीये," अण्णा लेकीला म्हणाले. "उगाच माझ्या मागे लागू नकोस."

त्या दिवशी मशीनचा आकडा एकोणीस होता. दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकत नाही, हे जावयाने स्वतःला बजावलं. तरी रात्रीच्या जेवणात त्याचं लक्ष नव्हतं.

५

एका दुपारी बिल्डरचा फोन आला, त्याला फ्रिजबद्दल काही विचारायचं होतं. जावई अण्णांच्या खोलीत गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा कुशीवर जागेच पडले होते, आणि त्यांचा एक हात भिंतीकडच्या मोकळ्या बाजूवर पसरलेला होता.

त्यांना लाज वाटली नाही. त्यांनी जावयाला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "लावा हात. पालथा लावा."

गादी गरम होती. नुकतंच कुणी उठून गेल्यावर असते तशी नाही. कुणीतरी अजून झोपलेलं असावं तशी. खोलीला ऊन नव्हतं, अण्णांचं अंग तर गार होतं. गरम पाण्याची पिशवी, गादीखालून गेलेली वायर, खालच्या मजल्यावरची चूल, जे जे सुचलं ते जावयाने मनात मांडलं आणि एकेक करून खोडलं. अण्णांचं ते सगळं आधीच करून झालेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"चाळीस वर्षं जमलं नाही ते तुमच्या मशीनने केलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आता पाय गरम असतात हो तिचे. पार माझ्या घोट्यांना लागतात."

जावयाने बाहेर येऊन मशीन बंद केलं. प्लग काढून वायर गुंडाळून कपाटात टाकली. काय असेल ते असो, आता हे थांबलं, असं त्याला वाटलं आणि जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता अण्णा हाकेला उठेनात. ओठ निळसर दिसत होते. थर्मामीटरवर तेहेतीस होतं. बायको अजून दवाखान्यात. त्याने रजया टाकल्या, तळपाय चोळले, आणि चोळता चोळता त्याचा हात भिंतीकडच्या बाजूला लागला. ती बाजू कालच्याइतकीच गरम होती.

मग त्याने एक गोष्ट केली, जिचं कारण तो कुणालाही सांगू शकला नसता. धावत जाऊन त्याने कपाटातून वायर काढली, मशीन चालू केलं आणि हातात असेल ते सगळ्यात जड काम त्याला दिलं. वीस मिनिटांत अण्णांनी डोळे उघडले. तासाभरात ते छत्तीसवर आले.

"मशीन बंद केलं होतंत का?" त्यांनी विचारलं. "नका करू. तिला माझ्याकडून घ्यावं लागतं मग."

६

आता घरात उलटा कारभार सुरू झाला. ज्या प्रोसेसरला गार करायला जावयाने आटापिटा केला होता, त्याला तापवायला तो रात्रंदिवस झटू लागला. एक पंखा काढला, मग दुसरा. जाळ्यांवर पुठ्ठे लावले. कुणी न मागितलेली घरं त्याने बांधायला घेतली, शंभर शंभर खोल्यांची, प्रत्येक खोलीला खिडक्याच खिडक्या, म्हणजे उन्हाचं गणित कधी संपू नये.

"आधी तापतंय म्हणून बोंब, आता तापत नाही म्हणून," बायको म्हणाली. "तुझं काय चाललंय काय?"

त्याने तिला सांगायला तोंड उघडलं होतं. पण सांगितलं असतं तर ती पहिली त्या गादीवर हात ठेवायला गेली असती. तिची आई होती ती. एकदा त्याने अण्णांना बाहेरच्या दिवाणावर झोपायला लावलं. तासाभरात दिवाणाची भिंतीकडची कड गरम झाली. अण्णा गालात हसले, आणि उशी उचलून आपल्या पलंगावर गेले.

पुठ्ठे लावूनही आकडा उतरत होता. चौदा, अकरा, आठ. ठोकळ्यावर दव धरायला लागलं, ते जावई कापसाने टिपायचा. आठ आला त्या दिवशी अण्णा चौतीस होते. त्याने दुकानदाराला फोन केला.

"अजून एक मशीन जुळवायचंय. तुमच्याकडचा सगळ्यात जास्त तापणारा प्रोसेसर द्या."

दुकानदार हसला. "लोक उलटं मागतात. बरं, वर थंड करायला काय देऊ?"

"काही नको," जावई म्हणाला.

माल चार दिवसांनी येणार होता.

७

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मशीनच्या खोलीत आवाज थांबला. जावई बघायला गेला. पडदा काळा होता आणि प्रोसेसरच्या आजूबाजूला पांढरं बर्फ धरलं होतं. त्याने बटण दाबून पाहिलं, दोनदा, तीनदा. मग तो अण्णांच्या खोलीकडे धावला.

अण्णा शुद्धीत होते, पण त्यांचा आवाज फार खोलातून येत होता. अंग फरशीसारखं गार. पसरलेला हात मात्र त्यांनी मागे घेतला नव्हता.

"जावईबापू," ते म्हणाले, "मला आता हाताला कळेनासं झालंय. तुम्ही बघा जरा. तीच आहे ना?"

जावयाने वाकून भिंतीकडच्या उशीला पालथा हात लावला. उशी गरम होती. तिथून हात गादीवरून खाली सरकवला. खांदा असावा तिथे ऊब रुंद झाली, कमरेशी अरुंद. सासूबाईंच्या उंचीचा त्याला अंदाज होता. पलंगाच्या मध्यापुढे थोडंसं, आणि तिथे पाय संपायला हवे होते. तिथे ऊब संपली नाही. तिथे गुडघे होते. तो सरकत राहिला. अण्णांचे घोटे आले, मागे पडले. गादी संपली. पलंगाच्या पुढे, त्या बुटक्या स्टुलाच्या वर, नुसत्या हवेत ऊब तशीच पुढे चालली होती, दारापर्यंत.

त्याने हात मागे आणला, आणि तो गादीवर टेकला असताना त्याच्या पालथ्या हाताला काहीतरी लागलं. तेही पालथंच होतं. चार बोटांची हाडं त्याला नीट जाणवली. दाब नव्हता, पकड नव्हती. कुणीतरी अंगात किती ऊब आहे ते नुसतं बघत होतं, आणि त्याला घाई नव्हती.

"सांगा ना," अण्णा म्हणाले. "तीच ना?"

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवरचा निळेपणा ओसरत होता. गालांना रंग येत होता, एका क्षणाला थोडा, पुढच्या क्षणाला आणखी थोडा. जावयाला आपली बोटं, मग मनगट, मग कोपर कळेनासं झालं. त्याला हात काढता आला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"हो, अण्णा," तो म्हणाला. "आईच आहेत."

अण्णांनी समाधानाने डोळे मिटले. श्वास संथ चालू लागला.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. बायकोने चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि रोजच्यासारखी तिथूनच हाक मारली.

"अण्णा कसे आहेत रे?"

"गरम आहेत," जावई म्हणाला. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघाली. "तू आत येऊ नकोस."

पण तिची पावलं खोलीकडेच येत होती, आणि ती येता येता पदराला हात पुसत होती, बापाच्या कपाळाला लावायला.